थर्मासात चहा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना थर्मास. बाहेरून निळा पत्रा, आतून काच. १९८८ साली कुमुदिनीवहिनींनी मला उल्हासनगरच्या बाजारातून घेतलं, ते यजमानांना, म्हणजे श्यामकांतरावांना, कारखान्यात गरम चहा मिळावा म्हणून. ते अंबरनाथला अधिकारी होते. दोन वर्षं मी इमानाने चहा नेला. पुढे ते चहा मोरीत ओतून माझ्यात दारू भरू लागले. "साहेबांचा थर्मास कधी चुकत नाही," हे कारखान्यातलं कौतुक मात्र चालूच राहिलं. मीही ते ऐकून घेत असे.

अखेर कारखान्याने बजावलं, व्यसनमुक्तीचा दाखला आणा, नाहीतर राजीनामा द्या. उल्हासनगरच्या कॅम्प चार वस्तीतल्या व्यसनमुक्ती केंद्रात त्यांचं नाव घातलं. संध्याकाळी तीन तास उपचार, मग झोपायला आपल्याच घरी. तिथे प्रत्येकाने न प्यालेले दिवस सांगायचे, केंद्र चालवणाऱ्या उमाताई ते फळ्यावर लिहायच्या आणि सगळे टाळ्या वाजवायचे. चहा पाळीने घरून आणायचा.

त्या दिवशी श्यामकांतराव म्हणाले, "चाळीस." टाळ्या पडल्या. मी त्यांच्या पायाशी होतो, गळ्यापर्यंत दारूने भरलेला. गेला आठवडाभर हेच चाललं होतं.

चहाची पाळी बदलापूरकडच्या भीमाची होती. त्याचं दूध फाटलं होतं.

"श्यामकांतराव, तुमच्या थर्मासात असेल ना घोटभर?" उमाताईंनी विचारलं.

"संपला."

भीमाने मला उचललं. "सायेब, संपला म्हणता, मंग ह्यो जड कसा?"

कुणी हसलं नाही. भीमाचा हात झाकणावर होता. मित्रांनो, मी फुटलो असतो तर बरं, असं तेव्हा वाटलं.

"उघडू नकोस रे," श्यामकांतराव म्हणाले. मग फळ्याकडे पाहून, "ताई, चाळीस नाही. आज एकही नाही."

उमाताईंनी चाळीस पुसून शून्य लिहिलं. "दाखला लांबला. मुदत तुम्हीच मागा कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे, खरं कारण सांगून."

भीमाने मला मोरीत उपडं केलं. "माजा बी दोनदा शून्य झालाय," एवढंच तो म्हणाला.

घरी त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी मला घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वास रोज येत होता. वाटायचं, तुम्ही आपणहून सांगाल."

मला रोज धुणाऱ्या बाईला वास येत नसेल, असं मानणारे त्या घरात दोघंच होते : ते आणि मी.

मित्रांनो, भांडी आतूनही घासत जा. आणि वास आलाच, तर वहिनींसारखं वाट पाहत बसू नका. विचारा.