उणे वीसमधली रेघ

मावशीवर कोणी विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवायचा प्रश्नच नव्हता, कारण मी त्या चिठ्ठीवर नव्हतेच. तेच तर मी ओरडून सांगत होते. पण रेघेला आवाज कुठला?

मी उण्याची रेघ बोलतेय. उणे पाच, उणे वीस म्हणता ना, त्या आकड्याच्या डावीकडे असते ती. एकमेकांची उणीदुणी काढायला माणसांना दिवस पुरत नाही, पण खरं उणं लिहायची वेळ आली की मला कोणी बोलावत नाही.

जन्माला आले ती हातानं ओढलेली. पुढे कॉम्प्युटरात घर मिळालं, आणि ते घर बघून मी आजही थक्क होते. जगातली सगळी अक्षरं, सगळ्या खुणा एका छपराखाली, आणि प्रत्येकीला स्वतःची खोली. माझा नंबर बावीस-बारा. माझ्याच मजल्यावर वर्गमूळ राहतं. त्याच्यापुढे तीन दारं सोडली की अनंत. ज्याला शेवट नाही त्यालाही मोजून एकच खोली! एवढं मोठं घर माणसानं बांधलं आणि दार उघडायचा मात्र कंटाळा.

कारण कीबोर्डावर मला बटण नाही. तिथे शून्याच्या शेजारी बसते ती जोडरेघ. आई-वडील, देणं-घेणं, अशा दोघांचे हात हातात देणं हे तिचं काम. दिसायला माझ्यासारखी, जरा ठेंगणी. सगळे तिलाच माझ्या जागी उभी करतात आणि ती बिचारी नाही म्हणत नाही. पण तिला एक सवय आहे. ओळ संपत आली की ती तिथेच थांबते आणि पुढच्याला खाली पाठवते.

मावशी कामाला होती ती प्रयोगशाळा नवजात बाळांचं रक्त तपासायची. एक थेंब, टाचेतून काढलेला. बाटल्या लावणं, उचलणं, पुसणं हे मावशीचं काम. शाळा चौथीपर्यंत, पण अठरा वर्षांत एक बाटली फुटू दिली नव्हती. तपासणीच्या औषधाचा नवा खोका आला. तो किती तापमानात ठेवायचा याची चिठ्ठी टायपिस्टनं छापली, मावशीनं ती वाचली आणि खोका एसीच्या खोलीत ठेवला. एसी वीसवर आहे ना, हे दोनदा बघितलं. औषध ठेवायचं होतं उणे वीसला, बर्फात. तीन दिवसांत सगळं नासलं. खोका चिठ्ठीसकट कचऱ्यात गेला आणि बाळांच्या तपासण्या थांबल्या.

मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, चौकशीचा कागद घेऊन बसल्या. त्यात एक रकाना होता, ‘चूक कोणाची’. तिथे मावशीचं नाव लिहून झालं होतं. खाली सही झाली की तिची नोकरी संपली.

टायपिस्टनं पडदा वळवून दाखवला. एका ओळीत, ठसठशीत : तापमान -20 अंश. तो म्हणाला, चिठ्ठी ह्याच्यातूनच निघते, मग वेगळी कशी असेल? मावशीला रेघ दिसली नसेल, वय झालं.

“रेघ दिसली,” मावशी म्हणाली. “डोळे शाबूत आहेत माझे. ‘नाव -’ लिहून पुढे नाव लिहिता ना तुम्ही? तशी होती. तापमान, रेघ, आणि खाली वीस.”

“मावशी, आता कशाला...” मोठ्या बाई म्हणाल्या.

“परत काढा. त्याच बारक्या पट्टीवर. मग करा सही.”

मशीन घुरघुरलं, पट्टी बाहेर आली. पडद्याची ओळ रुंद, पट्टीची अरुंद. वरच्या ओळीत ‘तापमान -’. खालच्या ओळीत ‘20 अंश’. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नखाएवढी रेघ एक ओळ वर राहिली, आणि बर्फ आणि पाणी यांच्यातली भिंतच पडली. चाळीस अंशांचा फरक! मी स्वतः उण्याची रेघ, पण माझं वजन मलाही त्या दिवशीच कळलं.

मग टायपिस्टनं खास चिन्हांची पेटी उघडली. शोधत शोधत माझ्या दारी आला. मला वीसच्या शेजारी उभं केलं आणि पट्टी काढली. ओळ तिथेच मोडली, पण मी वीसचा हात सोडला नाही. दोघं मिळून खाली उतरलो.

आता मी बर्फाच्या कपाटावर चिकटलेली आहे. मावशी रोज सकाळी माझ्यावरून बोट फिरवते, मगच दार उघडते. तुमच्याकडे एवढंच मागणं, जिचं काम तिला बोलवा. घर दूर नाही माझं.

पण त्या दिवशी तो रकाना राहिलाच होता. मावशीचं नाव खोडलं, आता तिथे कोण? टायपिस्ट छताकडे बघत होता. शेवटी मोठ्या बाईंनी एक शब्द लिहिला आणि सही केली. मावशीनं तो एकेक अक्षर लावत वाचला.

“वा,” ती म्हणाली. “उभी तुम्ही केलीत, आणि नाव तिचं. माझंच नशीब दिलंत की तिला.”

कागद फायलीत गेला. चूक कोणाची? जोडरेघ.