सोबतीचा माणूस

मोठ्या सिस्टरांनी शर्टाच्या गाठोड्याची गाठ सोडवायचा नाद सोडला आणि कात्रीनं शर्टच मधोमध कापला. आतून हात बाहेर पडला. उजवा, मनगटाच्या चार बोटं वर तुटलेला. बोटं अर्धवट मिटलेली होती आणि नखांत ओली माती होती.

"हा लावून द्या," गाठोडं आणणारा माणूस म्हणाला. "वाटेत भिजवत आणलाय. वाळू दिला नाही."

तो खांद्यापासून टाचेपर्यंत रक्तानं माखला होता आणि त्यातला थेंबसुद्धा त्याचा नव्हता. तीन तास धाकट्या भावाला पाठीवर घेऊन तो चालत आला होता. भावाच्या कोपराखाली त्यानं दोरी करकचून आवळली होती. दोन्ही हात भावाला सावरण्यात गुंतलेले, म्हणून गाठोडं दातांत धरलेलं. बोलताना त्याच्या ओठांच्या कडा फाटलेल्या दिसत होत्या.

डॉक्टरांनी हाताकडे एकदा पाहिलं आणि टेबलावरच्या माणसाकडे वळले.

"लागणार नाही," ते म्हणाले. "रक्त बघा कुणाचं जुळतंय ते."

डॉक्टरांच्या तोंडातून दिवसभरात पन्नास शब्द निघाले तर सिस्टरांना वाटायचं, आज स्वारी खुशीत आहे. उरलेलं सगळं बोलणं सिस्टरांच्या वाट्याला यायचं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मिशनचा वीस खाटांचा दवाखाना त्या तीस वर्षं जिभेच्या जोरावर चालवत होत्या. दारावरच्या पाटीवर नियम एकच होता, तोही त्यांनीच रंगवून घेतलेला: प्रत्येक रुग्णासोबत घरचा एक माणूस हवा. रुग्णाला पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं काम सोबतीच्या माणसाचं. तेवढी माणसं मिशनकडे नव्हती.

"घरचं कोण आहे याचं?" त्यांनी विचारलं.

"मीच. थोरला."

"बायको?"

"माहेरी. दिवस भरत आलेत."

"मग तूच थांबायचंस. खाटेजवळून हलायचं नाही. आणि हे झालं कसं?"

"झाड तोडताना. कुऱ्हाडीनं."

सिस्टरांनी कागदावर लिहिलं, झाड तोडताना. अपघात म्हटला तरी हातपाय तुटला की पोलिसांना कळवावं लागे. त्यांनी दुधाच्या गाडीबरोबर ठाण्यावर चिठ्ठी दिली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला. थोरल्याचं रक्त जुळलं. एक बाटली काढून झाल्यावर त्यानं दुसरा दंड पुढे केला, तेव्हा सिस्टरांनी त्याला दटावून खाली बसवलं, पण त्यांना भरून आलं होतं.

तोडलेला अवयव पुरायचं कामही घरच्यांचंच. प्रार्थनाघरामागे चाफ्याखाली त्याच्यासाठी एक तुकडा राखून ठेवला होता. तिथं साखरेच्या आजारानं गेलेले पाय होते, यंत्रात सापडलेली बोटं होती. दुपार कलताना थोरल्यानं खड्डा खणला. गुडघाभर खोल पुरे झाला असता, पण तो छातीइतका खोल गेला तरी थांबेना.

"पुरे रे. कुत्री नाहीत इथं," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं हात खाली ठेवला तो तळवा वर करून. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा वाकून तळवा खाली केला. सिस्टरांनी डोळे मिटून चार वाक्यांची प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तेव्हा तो मुठीनं माती लोटत होता. फावडं बाजूला पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात नेहमीची प्रार्थना झाली. सिस्टर दोन रांगांच्या मध्ये उभ्या राहत. ज्याला ऐकायचं तो ऐके, ज्याला नको तो तोंड धुवायला जाई. पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्यांनी पाचव्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेल्या थोरल्याला हाताला धरून उभं केलं.

"हा माणूस बघा," त्या म्हणाल्या. "कालपासून पाण्याचा घोट नाही घेतला यानं. तीन तास भावाला पाठीवर आणलं, आपलं रक्त दिलं, डोळ्याला डोळा लावला नाही. नाहीतर तुमच्यातले काही जण! आईजवळ थांबायचं म्हटलं की घरी म्हैस आजारी पडते." माणसं हसली. "असा भाऊ देवानं प्रत्येकाला द्यावा."

"आमेन," तीन नंबरच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले. त्यांना असल्या गोष्टी फार आवडत.

थोरला मान खाली घालून उभा होता. सिस्टरांना तो विनय वाटला.

त्याच वेळी पाचव्या खाटेवर धाकट्यानं डोळे उघडले. आधी त्यानं छताकडे पाहिलं, मग बँडेजच्या बोळ्याकडे. मग पायथ्याशी कोण उभं आहे ते त्याला दिसलं.

त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. डावा हात उशाजवळच्या कपाटाकडे गेला, पाण्याचा स्टीलचा तांब्या उचलला गेला, धाकटा पायथ्याकडे झेपावला आणि तांब्या थोरल्याच्या भुवईवर बसला. सलाईनची सुई उपटून आली. दुसरा घाव नाकावर. थोरल्यानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि चेहरा आणखी पुढे केला. तिसरा घाव मधे घुसलेल्या सिस्टरांच्या खांद्यावर बसला आणि त्या कळवळून खाली बसल्या.

"यानंच तोडला!" धाकटा ओरडत होता. "बाबांनी लावलेलं झाड तोडत होता. मी बुंध्यावर हात ठेवला. म्हटलं, आधी माझा हात तोड. आणि यानं तोडला! यानं तोडला!"

दोघांनी त्याला धरून आडवं केलं. बँडेज लाल झालं होतं. सगळा वॉर्ड थोरल्याकडे बघत होता. खांदा धरून सिस्टर उठल्या.

"खरं आहे?" त्यांनी विचारलं.

थोरल्याच्या नाकातून रक्त ओठांवर येत होतं. ते त्यानं पुसलं नाही.

"खरं आहे. कुऱ्हाड वर होती. थांबवता आली असती," तो म्हणाला. "थांबवली नाही."

सिस्टरांनी त्याच्या दंडाला धरून त्याला व्हरांड्यात ढकललं आणि दार लावून घेतलं. खांद्याची कळ होतीच, पण भर वॉर्डात आपण कुणाची आरती ओवाळली, ते त्यांना जास्त झोंबत होतं. धाकट्याला पाठीवर आणावं लागलं, ते कुणामुळे? देवानं असा भाऊ प्रत्येकाला द्यावा म्हणे! आजोबा आता सहा महिने सांगत बसतील.

धाकट्यानं भिंतीकडे तोंड केलं. दुपारी सिस्टर स्वतः मऊ भाताची थाळी घेऊन बसल्या, तेव्हा तो बोलला.

"तो जिवंत आहे तोवर अन्न घेणार नाही."

"अरे, त्याच्यावरचा राग पोटावर कशाला काढतोस?"

त्यांनी गोड बोलून पाहिलं, डोळे वटारले, बायकोच्या पोटातल्या बाळाची शपथ घातली. देवानं क्षमा करायला सांगितलंय, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. ते त्यांना स्वतःलाच गिळवत नव्हतं. संध्याकाळी भात तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीही गेला. अंगात ताप भरला होता आणि जखमेची कड काळसर दिसत होती.

"खाल्लं नाही तर रविवार बघणार नाही हा," डॉक्टर सिस्टरांना म्हणाले. ते व्हरांड्याच्या खिडकीजवळ उभे राहून बोलले आणि बाहेर थोरला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सिस्टर थाळी घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या. मागच्या अंगणात जळण फोडायचा ओंडका होता. थोरला त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. उजवा हात त्यानं ओंडक्यावर आडवा ठेवला होता आणि डाव्या हातात जळणाची कुऱ्हाड वर उचलली होती. सवय नसल्यामुळे ती डगमगत होती.

थाळी कुठे पडली ते सिस्टरांना कळलं नाही. त्या धावत गेल्या आणि अंगाच्या सगळ्या वजनानिशी त्याच्यावर आदळल्या. कुऱ्हाड ओंडक्याची कपची उडवून त्यांच्या झग्याच्या कडेतून जमिनीत रुतली. दोघं धुळीत लोळत होती. तो पुन्हा दांडा धरायला बघत होता आणि त्या त्याच्या मनगटाला लोंबकळल्या होत्या.

"सोडा सिस्टर! हा दिला तर जेवेल तो!"

सिस्टरांनी त्याच्या मुस्काटात मारली. पुन्हा मारली. मग हात दुखेपर्यंत मारत राहिल्या. तीस वर्षांत त्यांनी माशीवरसुद्धा हात उगारला नव्हता आणि आता थांबावंसं वाटत नव्हतं.

"मूर्खा! त्याचं पोर जन्माला यायचंय. शेत कोण बघणार? तुम्हा दोघांत मिळून तीन हात उरलेत. त्यातला आणखी एक कमी करतोस? आणि तोडून मी काय करू त्याचं? लोणचं घालू?"

थोरला रडायला लागला. तोंड उघडं टाकून, आवाज न करता. सिस्टरही धापा टाकत तिथंच बसल्या. त्यांना त्याची दया आली आणि आली म्हणून स्वतःचाच संताप आला. थोड्या वेळानं त्यांनी कुऱ्हाड उपसली आणि कोठीत ठेवून कुलूप लावलं.

त्याच दुपारी हवालदार आला. सिस्टरांची चिठ्ठी त्याला दोन दिवसांनी मिळाली होती. रस्त्याच्या नावानं शिव्या घालतच तो वॉर्डात शिरला आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसला. व्हरांड्यातून थोरल्याला आत बोलावलं गेलं. आजोबा कोपरावर टेकून उठून बसले.

"कोणी केलं?" हवालदारानं धाकट्याला विचारलं.

"यानं."

"मुद्दाम?"

धाकटा भिंतीकडेच बघत होता. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"मी हात ठेवला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, थांबवेल."

"तुझं काय म्हणणं?" हवालदार थोरल्याकडे वळला. "अपघात म्हणायचा की काय?"

काय होतंय ते सिस्टरांच्या ध्यानात आलं. तो हो म्हणाला असता तर कदाचित सुटला असता. कागदावर त्यांनीच तसं लिहिलं होतं. हो म्हण, असं आपल्याला वाटतंय की नको म्हण, हे त्यांना ठरवता येईना.

"थांबवता आली असती," थोरला म्हणाला. "तसंच लिहा."

हवालदारानं लिहिलं. मग उठून त्यानं थोरल्याच्या मनगटांत बेड्या अडकवल्या आणि त्याला दाराकडे वळवलं. दोघं तीन नंबरच्या खाटेपर्यंत पोचले होते.

"सिस्टर," धाकटा म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की सिस्टरांना वाकावं लागलं. "त्याला म्हणावं, भरवून जा."

सिस्टर वळून हवालदाराच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"काय म्हणतोय?" हवालदारानं विचारलं.

"बेडी काढा," सिस्टर म्हणाल्या.

"असं चालत नाही बाई. कायद्यात बसत नाही."

"मग कायद्याला बाहेर बाकावर बसवा. समोर दारावर पाटीवर लिहिलंय, घरचा एक माणूस हवा, आणि भरवायचं काम त्याचं. काढा म्हणते ना!"

हवालदारानं पाटीकडे पाहिलं, सिस्टरांच्या फाटलेल्या झग्याकडे पाहिलं आणि किल्ली काढली. स्वयंपाकघरातून भात आला. सिस्टरांनी थाळीत चमचा ठेवला होता.

"चमचा नको," धाकटा म्हणाला.

थोरला खाटेच्या कडेला टेकला. त्यानं भात कालवला. घास तोंडाशी नेईपर्यंत त्यातली निम्मी शितं त्याच्या बोटांतून चादरीवर पडली. धाकट्यानं त्याच्याकडे न बघता तोंड उघडलं. दोन दिवसांनी पहिला घास पोटात गेला. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या घासाला धाकट्यानं दात मिटले. भाताबरोबर तीन बोटं त्याच्या दातांत सापडली होती आणि जबडा आवळत चालला होता. आता तो सरळ भावाच्या डोळ्यांत बघत होता. थोरल्याच्या कपाळावर शीर तट्ट फुगली. धाकट्याच्या हनुवटीवरून रक्ताची बारीक धार उतरली. हवालदार स्टूल पाडून उठला. सिस्टर पुढे झाल्या आणि थोरल्यानं मोकळ्या हातानं त्यांना थांबायची खूण केली. बोटं त्यानं ओढून घेतली नाहीत.

वॉर्डात कुणी हललं नाही. किती वेळ गेला ते नंतर कुणालाच धड सांगता आलं नाही.

मग धाकट्यानं दात सोडले. तोंडातला घास चावला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. थोरल्यानं बोटं धोतराला पुसली आणि त्याच हातानं पुढचा घास कालवला.