तपासनीसांचा बंदोबस्त

गल्लीच्या टोकाच्या घरात चोरी झाली आणि तपासनीसांची झोप उडाली. चोरांनी कुकर नेला, झाकणही नेलं, शिट्टी मात्र ठेवून गेले. शिट्टी का ठेवली, या प्रश्नानं त्यांना चोरीपेक्षा जास्त छळलं.

तपासनीस हे त्यांचं गल्लीतलं नाव. सगळी नोकरी त्यांनी एका कारखान्याच्या फाटकावर काढली. आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न : कोण, कुठून, पिशवीत काय. निवृत्तीच्या दिवशी हार घालायला आलेल्या मॅनेजरलाही त्यांनी पिशवी उघडायला लावली होती. पुढे फाटक सुटलं, प्रश्न सुटले नाहीत. ते घरी आले आणि दारातल्या खुर्चीत बसले.

चोरीनंतर त्यांनी स्वतःचं घर हातात घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी ठोकली. गच्चीच्या दाराची ढिली कडी काढली, नवी बसवली आणि वर खिळे मारले. पुढच्या दाराला आपोआप बंद होणारा लॅच आला. मागच्या, मोरीकडच्या दाराला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती कडी त्यांनी स्वतः लग्नानंतर बसवली होती. म्हणजे तिकडून मुंगीसुद्धा येणार नाही.

त्या सकाळी नर्स असलेली धाकटी ड्युटीवर निघताना गच्चीच्या दाराचे खिळे बघून जिन्यातच थबकली.

"बाबा, हॉस्टेलमध्ये खोली मिळतेय. शनिवारपर्यंत कळवायचंय. मी हो म्हणणार आहे."

"खोली? घर असताना?"

"हे घर आहे का तिजोरी?"

"तिजोरीच हवी! आत माणसं आहेत ना!" तपासनीस म्हणाले. पोरगी निघून गेली. खिळे ठोकल्यानं पोरीचं काय बिघडलं, ते त्यांना कळेना. दिवसभर हे कोडं चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

दुपारी बायको बहिणीकडे गेली होती. तपासनीसांनी दूध मंद आचेवर ठेवलं आणि लॅचची परीक्षा घ्यायला बाहेर आले. दार ओढलं. खट्. ढकललं, हलेना. खांदा लावला, तरी हलेना. "वा!" ते म्हणाले. मग त्यांना आठवलं की किल्ली आत खिळ्याला आहे, आपण बनियनवर आहोत आणि दूध गॅसवर आहे.

घराला दोन फेऱ्या झाल्या. प्रत्येक खिडकीपाशी त्यांना स्वतःचीच कारागिरी भेटली. तिसऱ्या फेरीला करपल्याचा वास आला.

एवढ्यात गॅरेजमध्ये कामाला असलेला थोरला मुलगा जेवायला आला. हकीकत ऐकून "हात्तिच्या!" म्हणाला आणि सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेला. कोपऱ्यातल्या दगडावर पाय, कठड्यावर गुडघा, असा सराईतासारखा चढला आणि जाळीवर डोकं आपटून खाली आला.

"ही कधी बसवलीत?"

"तू इथून येतोस?"

"कॉलेजपासून."

तेवढ्यात धाकटीही आली. सकाळचे खिळे ती विसरली होती. सवयीनं शेजारच्या भिंतीवरून गच्चीत चढली, दार हलवलं आणि वरून ओरडली, "खिळे, बाबा! ती जुनी कडी दोनदा हलवली की पडायची. रोज तिथूनच यायचे मी!"

तपासनीस बनियनमध्ये गार पडले. इतकी वर्षं ते पुढच्या दारात पहारा देत होते, आणि दोन्ही पोरं चोरवाटांनी ये-जा करत होती.

"पण का? पुढं दार नाही का?"

 उत्तर अंगणाच्या फाटकातून आलं. बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी होती.

"पुढच्या दारात तुम्ही असता म्हणून," ती म्हणाली. पिशव्या खाली ठेवून ती मागं गेली, कुंडीखालून उलथण्याची मोडकी दांडी काढली, मोरीच्या दाराच्या फटीत सरकवली आणि वर उचलली. तपासनीसांची अभेद्य कडी मुकाट्यानं उघडली.

"तूसुद्धा?"

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून. ओझं घेऊन यायचं आणि उंबऱ्यात 'एवढा वेळ कुठे होतीस' याची जबानी द्यायची? माझे हात दुखायचे हो."

गॅस बंद झाला. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. बायकोनं दांडी पुसली आणि सर्वांदेखत पुन्हा कुंडीखाली ठेवली. मुद्देमाल जप्त करायची हीच वेळ होती. तपासनीस दांडीकडे बघत राहिले. मग हातोडी घेऊन गच्चीवर गेले. खिळे ठोकण्यापेक्षा काढायला जास्त कष्ट पडतात. त्यांनी नवी कडी काढली आणि जुनी, ढिली, परत लावली. चोर आले तर येवोत. कुकर त्यांच्याकडे आहेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुढच्या खोलीत बसले होते. खुर्ची दारातून आत आणली होती. धाकटीची वेळ टळली. पेपर एकदा वाचला, उलटा वाचला. पाय आपसूक दाराकडे निघाले. त्यांनी ते खुर्चीखाली ओढून घेतले. मग गच्चीवर कडी खडखडली. एकदा, दोनदा, पडली. जिन्यात पावलं वाजली. कोण, कुठून, पिशवीत काय, असे तिन्ही प्रश्न घशाशी आले. तपासनीसांनी पेपर तोंडासमोर धरला.

धाकटी समोर येऊन उभी राहिली. "कोण म्हणून विचारलं नाहीत?"

"चोर असेल, म्हटलं. चोराला काय विचारायचं? खरं थोडंच सांगणार आहे."

ती हसू दाबत राहिली, पण ते नाकातून निसटलंच. "हॉस्टेलला नको म्हणून कळवते. पण या महिन्यापुरतंच. तात्पुरता पास आहे तुमचा, समजलं?"

"नियम पाळीन," तपासनीस म्हणाले. "चहा टाकू?"

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नव्या पातेल्यात दूध ठेवलं. बाहेर पोरगी थोरल्याला काहीतरी सांगून खिदळत होती. एवढा उशीर का झाला, हा प्रश्न अजून जिभेवर वळवळत होता. शेवटी राहवेना, तेव्हा ते पातेल्यावर वाकले आणि दबक्या आवाजात दुधाला विचारलं, "एवढा वेळ काय करतंयस रे?"