नकोशा शब्दांची चोपडी

मित्रांनो, मी एक जुनी चोपडी आहे. तुम्ही जिला वही म्हणता, तिला सुरतेत चोपडी म्हणतात. लाल कापडाचा पुठ्ठा आणि पांढऱ्या दोऱ्याची शिवण, असं माझं रूप. मला बांधून दुकानात ठेवलं, तेव्हा वाटलं होतं, आता आपण एखाद्या मोठ्या पेढीवर मानाने बसणार.

बसले, पण एकच दिवस. दिवाळीत साड्यांच्या एका ऑफिसात माझी पूजा झाली. पहिल्या पानावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला, शुभ-लाभ लिहिलं आणि मला कपाटात टाकलं. तिथला सगळा कारभार कॉम्प्युटरवर चालायचा. चोपडी लागायची ती पूजेपुरती.

दोन वर्षं झुरळांच्या सोबतीने काढली. मग एक दिवस मॅनेजर हितेशभाईंनी मला झटकून एका बाईच्या हातात दिलं. ती जयश्री. खानदेशातल्या धरणगावकडची, लग्न होऊन सुरतेतल्या लिंबायतला आलेली. कडेवर दीड वर्षांची धनश्री.

ती तिथे पोचली चुकूनच. तिला घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम हवं होतं. तिने मोबाईलवर लिहिलं, ‘घरबसल्या साडीचं काम’. सगळ्यात वर या ऑफिसची जाहिरात आली, तिने ती उघडून फोन लावला. जाहिरात तर साड्या विकायची होती. मित्रांनो, अशी जाहिरात कुणी उघडली, की माणूस साडी घेवो न घेवो, शेठचे पैसे कापले जातात. हितेशभाई फोनवरच चिडले. काम मागणाऱ्या बायकांनी रोज डोकं उठवलंय म्हणाले. जयश्रीने शांतपणे विचारलं, “मग भाई, तुम्हाला फोन कुणाचा हवाय?”

महाराष्ट्रात साड्या विकायच्या होत्या आणि तिकडच्या बायका काय लिहून शोधतात, हे सांगणारं हितेशभाईंना कुणी नव्हतंच. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

तर माझं काम हे. गिऱ्हाईक साडी शोधताना काय लिहील, ते शब्द माझ्यात उतरवायचे आणि कुठल्या शब्दावर आपली जाहिरात दिसावी म्हणून किती पैसे लावणं परवडेल, ते ठरवायचं. जयश्रीने आधी मोठे शब्द लिहिले. ‘साडी’, ‘सुंदर साडी’, ‘नवीन साडी’. हितेशभाई म्हणत, हेच लाखो लोक शोधतात.

हे काम जयश्री घरीच करायची. शेजारी सासूबाई साडीवर खडे चिकटवत बसलेल्या असायच्या. सुभद्राबाई त्यांचं नाव. घरात त्या अहिराणीच बोलतात. वर्षानुवर्षं त्या बारीक कामाने त्यांचे डोळे अधू झाले आहेत, कान मात्र तिखट. ती यादी ऐकून त्या म्हणाल्या, “बाई काय आशी इचारस का व?” मग त्यांनी सांगितलं, की बाई दुकानात गेली की आधी लग्न कुणाचं ते सांगते, आपलं नातं सांगते, मग पदर कसा हवा ते सांगते.

जयश्रीने दुसरं पान उघडलं. ‘नणंदेच्या हळदीला पिवळी साडी’. ‘ओटीभरणाला हिरवी, वजनाला हलकी’. ‘शाळेत शिकवायला जाताना नेसायची, इस्त्री न लागणारी’. असे शब्द शोधणारे दिवसाला चार-पाच जण, पण त्यातले दोघे तरी साडी घेतात. नुसतं ‘साडी’ लिहिणारे कुणी चित्रं बघतात, कुणी नेसायची कशी ते शिकतात. मोठ्या शब्दाला जयश्री एक ठिपका देई, अशा शब्दाला तीन; जितके ठिपके जास्त, तितके पैसे जास्त लावायचे. दुपारी धनश्रीला मांडीवर थोपटत, एका हाताने ती लिहायची. तेव्हाची तिची अक्षरं तिरकी आहेत. मला ती फार आवडतात.

मला उलट बाजूने उघडलं की दुसरी यादी आहे. वर लिहिलंय, ‘नकोत’. ज्या शब्दांवर आपली जाहिरात दिसूच नये, ते शब्द इथे लिहायचे आणि वर एक रेघ मारायची. ‘साडी कशी नेसावी’वर रेघ. ‘जुन्या साडीचं काय करावं’वर रेघ. हितेशभाईंना सगळ्यात आधी रेघ हवी होती ती ‘घरबसल्या साडीचं काम’ यावर.

तो शब्द जयश्रीने लिहिला, पण रेघ मारेना. ती स्वतः त्याच वाटेने आली होती. चुकून आलेल्या फोनमधून शेठच्या बमरोलीतल्या गोदामाचा माणूस महिन्यात एखाद-दुसरीला काम देऊनही टाकायचा. शेजारच्या गल्लीतल्या सुषमाला साड्यांच्या घड्या घालायचं काम तसंच मिळालं होतं. महिनाभर तो शब्द माझ्यात बिनरेघेचा राहिला.

मग हितेशभाईंनी सांगितलं, ही यादी पुरी करून दे, ऑफिसात तुझी कायमची खुर्ची लावतो. जयश्रीने सासूबाईंकडे बघितलं. त्या साडी डोळ्यांशी नेऊन खडा चाचपत होत्या. आपले डोळे असे होऊ नयेत, धनश्रीने आपल्याला असं बघू नये, एवढंच तिला हवं होतं. तिने पेन घेतलं आणि रेघ मारली. इतकी दाबून, की खालच्या पानावर वळ उठला.

पुढे दोन वर्षं माझे भाग्याचे दिवस. ऑर्डरी वाढल्या. शेठने हितेशभाईंना सगळ्यांसमोर शाल दिली. मी टेबलावरच होते, माझं नाव कुणी घेतलं नाही. जयश्रीचंही नाही. खुर्चीचं विचारलं की दिवाळीनंतर बघू म्हणत. मग हितेशभाईंनी माझ्या पानापानाचे फोटो काढले, सगळे शब्द कॉम्प्युटरमध्ये भरले. आता कॉम्प्युटरच आपणहून नवे शब्द सुचवतो. एका सकाळी ते म्हणाले, “जयश्रीबेन, हवे जरूर नथी.” आता गरज नाही. मला त्यांनी तिच्या पिशवीत टाकलं, आठवण म्हणून.

घरी येऊन तिने दुसरं काम शोधायला मोबाईल घेतला. बोटांनी आपसूक तेच लिहिलं, ‘घरबसल्या साडीचं काम’. वर एकही जाहिरात आली नाही. त्या ऑफिसची नाही, शेजारच्या पेढ्यांचीही नाही. माझी मागची यादी हातोहात मार्केटभर फिरली होती, सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरात ती भरून टाकली होती. तिने पुन्हा पुन्हा लिहून बघितलं. सुभद्राबाईंनी विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्यांनी हातातला खडा चिकटवला. मग हळूच म्हणाल्या, “तूच खोडेल शे ना व ते.” आणि आपल्या पुढ्यातली अर्धी साडी त्यांनी सुनेकडे सरकवली.

आता जयश्रीही खडे चिकटवते. माझ्या पानांवर सरसाचे डाग आहेत, पुठ्ठा एका बाजूने सुटला आहे. मित्रांनो, मला पुन्हा पूजा नको. एवढंच मागते, की कुठल्याही शब्दावर रेघ मारायची वेळ आली, तर तो शब्द लिहून पलीकडे कोण वाट बघतंय, ते आधी बघा.

धनश्री आता बालवाडीत जाते. अक्षरं शिकायला तिला मीच मिळाले आहे. काल तिने माझं मागचं पान उघडलं आणि पाटीवर सावकाश उतरवून घेतलं, ‘घरबसल्या साडीचं काम’. अक्षर अगदी आईसारखं तिरकं. मग पेन्सिल परत डावीकडे नेऊन तिने मधली रेघही काढली, जीभ बाहेर काढून, सरळ. तिला वाटलं, हा शब्द असाच लिहितात.