टाकीतलं विष

माझ्या कोंबड्या मरायला लागल्या तेव्हा आजारबिजार काही मनात आलंच नाही. आला तो धाकटा दीर. आमच्या दोघांच्या शेडमध्ये कमरेएवढी एक भिंत, आणि माझी पाण्याची टाकी नेमकी त्याच्या बाजूला. वाटण्या झाल्यापासून तो माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायचा. गोड बोलणाऱ्यांचा मला मुळातच राग.

"विष घातलंय," मी डॉक्टरबाईंना सांगितलं. "दोनशे गेल्या माझ्या. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, पुढचं मी बघते."

त्यांनी आधी हातमोजे चढवले नि शेडमध्ये शिरल्या. एक कोंबडी मान पिळवटून जागच्या जागी गोल फिरत होती. दुसरी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. खाली हिरवी, पातळ विष्ठा. बाईंनी मेलेली एक कापली आणि जठर उघडून माझ्यापुढे धरलं. आत रक्ताचे लाल ठिपके होते.

"विषानं सगळ्या एकदमच आडव्या झाल्या असत्या. तुमच्या पाच दिवस मरतायत, रोज जास्त. नमुना तपासायला पाठवते, पण मला ही मानमोडी वाटते, दाण्यापाण्यातूनही पसरणारी कोंबड्यांची साथ. लस दिली होती?"

"म्हणजे काय! तीन आठवडे झाले. मी स्वतः दिली, पाण्यातून."

"कुठल्या पाण्यातून?"

"टाकीतल्या. चांगलं शुद्ध पाणी. दिराचा भरवसा नाही, म्हणून रोज मूठभर ब्लीचिंग पावडर टाकते मी."

बाईंनी सुरी खाली ठेवली. "अहो, लस जिवंत असते. त्या पाण्यात ती टिकेल कशी? दिली न दिली सारखीच."

तरी माझं मन मानेना. बाईही त्याला सामील असतील, असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मेलेल्यांचं काय केलंत?"

"पुरल्या, चुना टाकून." मग हळूच म्हटलं, "तीन सोडून."

त्या तीन मी काल संध्याकाळी भिंतीवरून दिराच्या अंगणात भिरकावल्या होत्या. तुझं विष तुलाच लखलाभ, असं ओरडून. बाईंना तेही सांगावं लागलं.

"तुमच्या दिरांकडेही कोंबड्या आहेत?"

"पाच दिवसांची पिल्लं. हजारभर. लस अजून द्यायचीय."

मी भिंतीपाशी धावले. दीर बादली धूत होता.

"भाऊजी, त्या तीन कोंबड्या कुठायत?"

"आहेत की. तुम्ही विष म्हणालात, म्हटलं कुत्र्यामांजरांनी खाल्ल्या तर तीही मरायची. दाण्याच्या खोलीत कुलूप लावून ठेवल्यात. डॉक्टरांनी तपासल्या तर माझ्यावरचा आळ तरी जाईल."

"आणि पिल्लांना सकाळी दाणा?"

"घातला की, वहिनी. त्याच खोलीतला."