शनिवारची बढती यादी

महारुद्रला विलासचं काही म्हणजे काही बघवत नसे. त्याच्या टेबलावरचा पंखा बघवत नसे, त्याचा चकचकीत स्टीलचा डबा बघवत नसे, आणि एखादा शेतकरी ऑफिसच्या दारातूनच "विलासराव हायत का?" म्हणून ओरडला, तर महारुद्रच्या तळपायाची आग मस्तकात जाई. वास्तविक दोघं एकाच दिवशी कारखान्यात रुजू झालेले. माजलगाव धरणाचं पाणी मिळणाऱ्या गावांचा ऊस या कारखान्यात येई आणि त्या उसाची नोंद ठेवायचं काम या दोघांकडे. सव्वीस वर्षं एका खोलीत, दुपारचं जेवण एकत्र. विलासच्या घरची शेंगदाण्याची चटणी महारुद्र रोज खाई आणि रोज त्याच्यावर जळे. दोन्ही कामं तो मन लावून करी.

पूर्वी असं नव्हतं. कुणी कोणत्या तारखेला ऊस लावला, कोणत्या जातीचा, किती एकर, हे महारुद्र मोठ्या रजिस्टरात लिही. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा नंबर लागे. ऊस वेळेवर तुटणं ही शेतकऱ्याची वर्षाची चिंता, त्यामुळं महारुद्रआप्पांचा मान मोठा होता. "आप्पा, आपला नंबर कधी?" असं कुणी विचारलं की आप्पा डोळे मिटत, जरा थांबत आणि मग तारीख सांगत. तारीख त्यांना तोंडपाठ असे. डोळे मिटायची काही गरज नसे. पण त्याशिवाय समोरच्याला आपली किंमत कळत नाही, असं त्यांचं मत होतं.

मग कॉम्प्युटर आला. "हे खेळणं हाय. दोन हंगामात बंद पडतंय," महारुद्र म्हणाला. चाळिशीतला बाप्या विलास मात्र दहावीच्या पोरांशेजारी बसून क्लासला गेला आणि सगळं शिकून आला. झालं! तोडणीचा नंबर शेतकऱ्यांच्या मोबाइलवरच जाऊन पडू लागला. डोळे मिटून बसलेल्या माणसाला आता कोण विचारतो? महारुद्रनं रजिस्टर मात्र सोडलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, तरी प्रत्येक नोंद तो हातानं उतरवून घेई. आपला दिवस येईल असं त्याला वाटे. कसला दिवस, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरीही सुटका नव्हती. कार्तिकी पुनवेला विलासनं आपल्या गाडीतून महारुद्र आणि त्याची बायको शिवम्मा, दोघांना कपिलधारच्या यात्रेला नेऊन आणलं. तेव्हापासून शिवम्माच्या तोंडी एकच. "भाऊजींनी बघा, कॉम्प्युटर लई लवकर शिकून घेतला. तुमाला कावून जमलं न्हाई?" यावर महारुद्र अर्ध्या भाकरीवरून उठे आणि मग भुकेनं आणखी चिडे.

त्यातच यंदा विभागाच्या अधीक्षकाची जागा रिकामी झाली. दोघांपैकी एकजण अधीक्षक होणार हे नक्की होतं, आणि तो विलास असणार हे सगळा कारखाना धरून चालला होता. ऑर्डर तेवढी निघायची होती.

डिसेंबरातला शनिवार होता. गाळप जोरात चाललेलं. दुपारी एकच्या सुमाराला वजनकाट्यावरचा प्रिंटर अडला म्हणून विलासला बोलावणं आलं. त्यानं नुकतीच कॉम्प्युटरला एक छोटी काळी डबी जोडली होती. सगळ्या नोंदींची दुसरी प्रत तो दर शनिवारी या डबीत उतरवून घेई आणि मग डबी काढून कपाटात कुलपात ठेवी.

"बॅकअप चालू हाय. कुणाला हात लावू देऊ नको," एवढं सांगून तो गेला.

खोलीत महारुद्र एकटा. विलासचा पासवर्ड त्याला माहीत होता. विलासनंच सांगून ठेवला होता, "मी नसताना कुणाचं अडलं तर बघत जा" म्हणून. या दोघांशिवाय तो कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हता. एवढा विश्वास टाकला, याचाही महारुद्रला रागच आलेला. मोठा दानशूर लागून गेला! तो उठला, दाराबाहेर डोकावून आला आणि विलासच्या खुर्चीत बसला. खुर्ची मऊ होती. तीही त्याला खुपली.

बढतीची बातमी विलासला आतून आधीच कळली आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यानं मेल उघडली. वरून तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं: 'बढती यादी'. पाठवणाऱ्याचं नाव भलतंच होतं, नुसती अक्षरं आणि आकडे, पण तिकडं बघायला महारुद्र शुद्धीवर कुठं होता? त्यानं मेलला जोडलेली फाइल उघडली. वर एक पिवळी पट्टी आली. मजकूर बघायचा असेल तर परवानगी द्या म्हणत होती. असली पट्टी आली तर बटण दाबायचं नाही, हे विलासनं सगळ्यांना दहादा बजावलं होतं. हा कोण मला सांगणार, असं म्हणून महारुद्रनं बटण दाबलं. एक काळी चौकट क्षणभर दिसली आणि गेली. यादीबिदी काही नाही, कोरं पान. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा कोरंच.

सगळं बंद करून तो आपल्या जागेवर आला आणि रजिस्टरात तोंड घालून बसला. काळ्या डबीवरचा बारका दिवा मघापेक्षा जोरात लुकलुकत होता. ते कशाचं लक्षण आहे, हे कळण्याइतकं त्यानं शिकून घेतलेलं नव्हतं.

विलास परत आला तेव्हा तीन वाजून गेले होते. तो स्क्रीनसमोर बसला आणि बसल्या जागी पांढरा पडला. एकही फाइल उघडत नव्हती. प्रत्येकीच्या नावापुढं कसली तरी वेडीवाकडी अक्षरं चिकटलेली. मधोमध लाल चौकटीत इंग्रजी मजकूर. विलासनं घाईघाईनं मागची वायर उपटली, डबी काढली, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"काय झालं बे?" महारुद्रनं विचारलं.

"कुणीतरी आपल्या समद्या फायलींना कुलूप घातलंय. किल्ली त्यांच्यापाशी. तीन दिवसांत पैशे भरा म्हणत्यात, न्हाईतर फायली गेल्या समजा."

"मंग त्या डबीतली प्रत हाय की."

"डबी जोडलेलीच होती ना! तिला बी घातलं."

कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात होते. अर्ध्या तासात वजनकाट्यावरूनही ओरड आली, मग स्टोअरमधून, मग एमडी विजयसिंह साहेबांच्या केबिनमधून. महारुद्र संडासात जाऊन दहा मिनिटं बसून आला. आपण काय केलं ते त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण आपणच केलं एवढं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी संभाजीनगरहून हरिओम नावाचा इंजिनिअर आला. त्यानं साहेबांना समजावलं, की चोर फाइल घेऊन जात नाही, ती जागेवरच असते. पण आतली अक्षरं अशी कालवून टाकतो की त्याच्या किल्लीशिवाय ती पुन्हा जुळत नाहीत. आणि पैसे भरून किल्ली मिळेल याचा भरवसा कोण देणार? साहेबांनी पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं आणि पोलिसांत तक्रार दिली. पण तोवर तोडणीच्या टोळ्या फडाच्या बांधावर बसून होत्या. कुणाचा ऊस आधी तोडायचा, सांगायला यादी नव्हती. जो तो "माझा नंबर आहे" म्हणून फाटकाशी भांडत होता. दुपारी ऊस संपला आणि गाळप बंद पडलं.

"आप्पा," विजयसिंह साहेब स्वतः खोलीत आले, "हातानं लिहिलेलं काही शिल्लक आहे का हो?"

महारुद्रनं कपाट उघडलं. आतलं रजिस्टर टेबलावर ठेवलं, डोळे मिटले, आणि पहिल्या दहा शेतकऱ्यांची नावं, गावं, तारखा न बघता सांगितल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी तो भीती, पाप, सगळं विसरला. खोलीत माणसं मावत नव्हती. "आप्पा, आमचं बघा," "आप्पा, आमी कालपासून थांबलोय." संध्याकाळी टोळ्या फडात शिरल्या. विलास कोपऱ्यात उभा राहून लोकांना पाणी देत होता. ते बघून महारुद्रला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. लाज वाटली तरी बरं वाटायचं काही थांबलं नाही.

मंगळवारी हरिओमनं शोध लावला. फाइल विलासच्या मेलमधून, विलासच्याच पासवर्डनं, शनिवारी दुपारी सव्वाच्या पुढंमागं उघडली गेली होती.

"पण तुम्ही तर तेव्हा काट्यावर होतात," साहेब विलासला म्हणाले.

विलासनं एकदा महारुद्रकडं बघितलं. एकदाच. मग म्हणाला, "जायच्या आधी मीच उघडली साहेब. गडबडीत होतो."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी गुरुवारी चौकशी लावली. असल्या चुकीला माफी नाही, नोकरी जाणार, हे त्यांनी तिथंच सांगून टाकलं. तोवर रजिस्टरातल्या नोंदी नव्या कॉम्प्युटरात चढवायच्या. ते काम विलासशिवाय कुणाला येत नव्हतं. म्हणून बुधवारी महारुद्र वाचून दाखवत होता आणि दुसऱ्या दिवशी नोकरी जायची असलेला माणूस टाइप करत होता.

दुपारपर्यंत महारुद्रनं कळ काढली. मग रजिस्टर मिटलं.

"तुला ठाव हाय, विलास."

"काय?"

"कुणी उघडली ते."

विलासची बोटं थांबली नाहीत. "पुढचं नाव सांग."

"तू सांगितलं कावून न्हाईस बे? दोघांलाच पासवर्ड ठाव. तू काट्यावर गेलतास. एक शब्द बोलला असतास तर सुटला असतास."

आता विलास थांबला. त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला. "माझं काय हाय? मी कुठं बी लागन. परळीला जाईन, पाटोद्याला जाईन. कॉम्प्युटर येणाऱ्याला काम मिळतंय. तुला ह्या वयात कोण ठेवील? रजिस्टर घेऊन कुठं हिंडशील बे?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर महारुद्रनं हसत झेलला असता. विलासनं शिव्या दिल्या असत्या, चार लोकांत कानाखाली ओढली असती, तरी चाललं असतं. पण त्याला कीव आली होती. सव्वीस वर्षं आपण या माणसावर जळलो, आणि हा माणूस बसून आपली कीव करतो! महारुद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेल्या नोंदी त्यानं एवढ्या जोरात वाचल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

त्या दिवशी घरी शिवम्मानं पुरण घातलं होतं. तिला बातमी कळली होती. "साहेब तुमालाच अधीक्षक करणार म्हणत्यात," ती म्हणाली, आणि लगेच हळूच, "भाऊजींचं लई वाईट झालं बघा." महारुद्रनं चार पोळ्या खाल्ल्या. एकीचीही चव लागली नाही.

गुरुवारी अकरा वाजता साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. साहेबांनी आधी महारुद्रचं कौतुक केलं. आप्पांमुळं हंगाम वाचला, अधीक्षकाची जागा आजपासून त्यांची. टाळ्या वाजल्या. महारुद्रनं मान वळवून बघितलं, तर सगळ्यांत मोठ्यानं विलास टाळ्या वाजवत होता. तोंडभर हसत होता, खोटं नव्हतं ते हसू.

"आता विलास," साहेब गंभीर झाले. समोर एक कागद होता, त्यावर सही तेवढी राहिली होती.

महारुद्रला वाटलं, बस्स. या कागदावर सही झाली की आपल्याला खुर्ची मिळेल, मऊ खुर्ची, आणि रोज तिच्यात बसताना आठवेल की ही त्यानं दिली. नोकरी घालवून मोठा झाला तो, आणि आपण त्याचं दान खात बसायचं? आजवर सगळं त्यानं मिळवलं. आता मोठेपणही त्यालाच? पश्चात्ताप वगैरे महारुद्रला झाला होता की नाही कोण जाणे. त्या घडीला त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं, की हे एक तरी विलासला मिळू द्यायचं नाही.

"साहेब, ती फाइल मी उघडली."

विलास पुटपुटला, "गप बे, आप्पा." पण महारुद्रनं सगळं सांगितलं. पासवर्ड, मऊ खुर्ची, पिवळी पट्टी, दोनदा दाबलेलं बटण. "यानं न्हाई उघडली. मी उघडली. मला बघवत नव्हतं याचं."

साहेबांनी समोरचा कागद हळूच उलटा करून ठेवला. "आप्पा, तुम्हाला आता कामावर ठेवता येणार नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता कोरडेपणा होता. मग ते विलासकडं वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

विलासनं खाली बघतच मान हलवली.

"माहीत असून नोकरी सोडायला निघाला होतात?"

विजयसिंह साहेब खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून विलाससमोर आले आणि त्यांनी चक्क दोन्ही हात जोडले. सव्वीस वर्षांत साहेबांनी कर्मचाऱ्यापुढं हात जोडलेले महारुद्रनं कधी पाहिले नव्हते. इतरांचेही डोळे विलासवरच खिळले होते. एकानं तर डोळे पुसले. खरं मी बोललोय, नोकरी माझी गेलीय, असं महारुद्रला ओरडून सांगावंसं वाटलं. पण साहेबांची पाठ त्याच्याकडं होती.