श्राइन रोड स्टेशनचा जागृत काटा

दौंडला स्टेशनमास्तर म्हणून उभी हयात काढलेल्या मधुकररावांना न्यूझीलंडच्या लोअर हटमध्ये बसायला धड जागा नव्हती. लेकाच्या, म्हणजे श्रीनाथच्या घरी सोफे तीन होते. पण सोफ्यावर माणूस नुसता बसतो. स्टेशनवर बसला की ड्यूटीवर असतो. नशिबाने वीस मिनिटांच्या चालीवर एक मेलेलं स्टेशन होतं, श्राइन रोड. रोज सकाळी थर्मास घेऊन ते तिथल्या बाकावर बसत आणि न येणाऱ्या गाड्या वेळेवर सोडत.

२०१४च्या ऑक्टोबरात तिथे पाटी लागली. स्टेशन पाडून कार पार्क होणार. कुणाकडे स्टेशनचा इतिहास असल्यास वारसा समितीला कळवावा.

मधुकररावांनी आठ दिवस लायब्ररीत बसून इतिहास काढला आणि कपाळाला हात लावला. एका जपानी लाकूड-व्यापाऱ्याने टेकडीवर आपल्या शिंतो देवाचं देऊळ बांधलं होतं, दारात लाल कमान वगैरे. आता भाविकांची रीघ लागणार म्हणून रेल्वेने पायथ्याशी स्टेशन उभारलं. पहिल्या नववर्षाला अकरा माणसं उतरली, त्यातली चार चुकून. सात वर्षांनी व्यापारी देवासकट ओसाकाला परत गेला. स्टेशनला कुणी कळवलं नाही, म्हणून ते आणखी दोन वर्षं चालू राहिलं.

"अकराच्या जागी अकराशे लिहा की," सुलभाबाई म्हणाल्या. त्या तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. "एरवी तुमच्या गोष्टीत मालगाडीसुद्धा उडते!"

"ते तोंडी, बाई. रेल्वेतला माणूस लेखी खोटं देत नाही."

"मग बसा घरी सोफ्यावर."

पण बाई मनाने वाईट नव्हत्या. समितीची हेदर पाहणीला येणार त्याच रविवारी त्यांनी मंडळाची सहल श्राइन रोडला नेली. तेवढीच गर्दी दिसेल! पोह्यांचे डबे उघडले, आणि बाईंना प्लॅटफॉर्मच्या टोकाला गुडघाभर उंचीचा, पावसाने गोल झालेला, शेवाळलेला दगड दिसला.

"अगंबाई, मूळ स्थान इथेच राहिलंय!"

मधुकरराव वळेपर्यंत दगडाला हळद-कुंकू लागलं, जास्वंद चढली, रुळावर नारळ फुटला आणि जँडल्सचे, म्हणजे तिकडच्या रबरी चपलांचे, वीस जोड ओळीने बाहेर निघाले. दगड कसला, लगेजच्या वजनकाट्याचा तो सिमेंटचा ओटा होता. असल्या ओट्यावर मधुकररावांनी दौंडला हजारदा पाय ठेवून बूट बांधले होते. ते तोंड उघडणार तोच हेदरची गाडी आली. दृश्य बघून तिने न सांगता बूट काढले.

"इथे अजून पूजा होते?"

"दिसतेच आहे," मधुकरराव म्हणाले.

"पण जपानी लोक तर गेले ना?"

"ते गेले. आता आम्ही बघतो."

"बाबा," श्रीनाथ कुजबुजला, "तुम्हीच तर मागे म्हणाला होतात, हा लगेजचा..."

"श्रीनाथ, पोहे गार होतायत."

तीन आठवड्यांनी पत्र आलं: स्टेशन वाचलं. मधुकररावांनी घरोघर पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन निघाले. स्टेशनला छातीएवढं कुंपण. फाटकाला कुलूप. पाटीवर लिहिलेलं: अखंड पूजा चालू असलेलं पवित्र स्थळ, आत बसण्यास व खाण्यापिण्यास मनाई.

त्यांनी हेदरला फोन लावला. किल्ली पुजाऱ्यांकडे दिली आहे, ती म्हणाली.

पुजारी दारातच भेटल्या, गाऊनवर, हातात किल्ली. "कुंकू कुणी लावलं होतं? मग फॉर्मवर सहीसुद्धा मीच केली."

"अहो बाई, तो देव नाही, वजनकाटा आहे!"

"असं?" सुलभाबाईंनी टेबलावरचं पेन पुढे केलं. "मग द्या समितीला लेखी."

मधुकररावांनी पेनाकडे पाहिलं. दोन ओळी लिहिल्या की झालं, उद्या बुलडोझर.

"आंघोळ झालीय?" बाईंनी विचारलं.

"झालीय."

"थर्मास इथेच ठेवा. जँडल्स फाटकाबाहेर."

त्या दिवसापासून मधुकरराव रोज सकाळी अनवाणी आत जातात आणि वजनकाट्यापुढे हात जोडून तासभर उभे राहतात. येणारे-जाणारे म्हणतात, काय श्रद्धा आहे म्हाताऱ्याची! मधुकरराव हलत नाहीत. फक्त नऊ बावीसला मान किंचित वळते, आणि गाडी वेळेवर सुटते.